वाटसरूंना खोळंबवणारा राक्षस

आमच्या घरात जादूगार-राक्षसांची एक जाडजूड जुनी कादंबरी आहे. तिच्यात मोठमोठ्या लढाया होतात, पण त्या कुठेतरी लांब. समोर मात्र जादूगार आणि राजकन्या डाळीत मीठ कुणी जास्त घातलं यावरून भांडत बसलेले. त्यातला राक्षस आम्हा नवराबायकोचा फार लाडका. घाटातून जाणाऱ्या वाटसरूला खाणं हे त्याचं नेमून दिलेलं काम. हा गडी त्याला अडवायचा, गुडघेदुखीचं रडगाणं गायचा, मग पायातला काटा तेवढा काढून दे म्हणायचा आणि उजाडलं की सोडून द्यायचा. बायको तेवढाच भाग मला पुन्हा पुन्हा वाचायला लावायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

ती गेली आणि सिहोऱ्यातल्या घरात मी, एक निवृत्त मास्तर, एकटा उरलो. मुलगी लांब असते. तिचा फोन 'जेवलात ना बाबा' एवढ्यावर आटोपतो. एका दुपारी पुस्तक काढलं, राक्षसाचं पान मोठ्यानं वाचलं. हसू काही येईना. मला रागच आला, तोही बायकोचा.

आमच्या गल्लीत ढिवरांची एक बाई तलावावरचे मासे विकायला येते. मासे बायको खायची, मी खात नाही. तरी मी तिला हाक मारत राहिलो. आमच्याकडची रीत अशी, की विकलेले मासे ती स्वतःच्या पावशीवर, म्हणजे विळीवर, राख लावून, तिथंच ओसरीत बसून साफ करून देते. तेवढा वेळ घरात माणसाचा आवाज असतो. साफ करायला वेळ लागावा म्हणून मी मुद्दाम बारीक मासे मागायचो. ती गेली की गल्लीतल्या मांजरांची चंगळ.

परवा तिला राक्षसाची गोष्ट सांगितली. काट्यापाशी आलो तशी ती खदखदून हसली, आणि तिच्यामागे मीही. कित्येक महिन्यांनी हसलो. मग तिनं विचारलं, खायचं नव्हतं तर लोकांना अडवायचा कशाला? मी सहज बोलून गेलो, घाटात एकटाच होता ना बिचारा.

तिचे हात थांबले. कोपरानं कपाळ पुसत तिनं माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, तुमी मासोऱ्या खात नाही. मले मालूम आहे, बाई होत्या तवापासून."

मी पावशीकडे बघत राहिलो.

"मंग कायले घेता? नुसतं बस म्हना ना. बसीन मी."

बायकोला पोचवून आलो त्या दिवशी चारचौघांत मी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या ओसरीत, मासेवाल्या बाईसमोर, मी लहान पोरासारखा रडलो.