दोराचा वळ

रतनलाल गेल्याची बातमी मला धडगावात कळली. खरं सांगायचं तर ती कळल्यावर मनात आलेली पहिली गोष्ट दुःखाची नव्हती. तळोद्याहून टपाल आणणाऱ्या हरकाऱ्याने कचेरीच्या ओट्यावर पिशवी टेकवली आणि म्हणाला, "डाक्टर, तुमना सायकलवाला शेठ गया. आठ रोज ताप व्हता. सारं तळोदं दुकानं बंद करी उभं व्हतं." सारं तळोदं उभं होतं, एवढंच मी ऐकलं. माझ्यामागे कोण उभं राहील, हा विचार आधी आला. शाळेत एका पाटावर बसलेला मित्र चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला, आणि मला त्याच्या मरणाचाही हेवा वाटला... हे वाक्य कागदावर उतरवायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

मी डॉक्टर नाही. देवी टोचणारा सरकारी माणूस आहे. गावाने डाक्टर म्हणायला सुरुवात केली ती थोडी मानाने आणि बरीचशी गमतीने. हिवाळा लागला की सायकल घ्यायची, अक्राणीच्या डोंगरात पाडे फिरायचे, पोरांचे दंड धरायचे, आयांच्या शिव्या खायच्या आणि होळीच्या आधी खाली यायचं. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका खेपेला मी पूर्ण फेरा केला. तळोद्याहून अक्कलकुवा, तिथून देवगोईचा घाट चढून मोलगी, मोलगीहून डोंगरातल्या डोंगरात धडगाव आणि शेवटी चांदसैलीचा घाट उतरून परत तळोदा. चार दिवस लागले. माझ्याआधी हा फेरा सायकलीवर कोणी केल्याचं ऐकिवात नव्हतं. तसं पाहिलं तर मीही केला नव्हता. देवगोईच्या चढावर मी सायकलीवर नव्हतो, सायकलच रुमाल्या नावाच्या एका पावरा आदिवासीच्या खांद्यावर होती आणि मी मागून धापा टाकत चाललो होतो. हे गावात मी कोणाला सांगितलं नाही. बाजारात माणसं पाहुण्यांना बोट करून दाखवायची, "हाऊच तो, फेरावाला डाक्टर." आयुष्यात माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती जी रतनकडे नव्हती.

बाकी सगळं त्याच्याकडे होतं. त्याचे आजोबा मारवाडातून आले आणि तळोद्यात कापडाची गादी घालून बसले. घरात मारवाडी, दुकानात गुजराती, आमच्याबरोबर अस्सल अहिराणी. वडिलांनी गादीवर बसवलं तर हा समोरच्या ओळीत सायकलींचं दुकान काढून बसला. वडील कपाळाला हात लावायचे, "शेठना पोऱ्या लोहार व्हई गया." पण पांढऱ्या धोतराला वंगणाचे डाग घेऊन तो बसला की दुकानापुढे माणसं जमायची. चाक दुरुस्त झालं की हवेत उचलून फिरवायचा आणि मान कलती करून त्याचा आवाज ऐकायचा. डोळे मिटून. तेवढ्यापुरतं कोणी काही बोलायचं नाही. मी बोलत असलो की मात्र सगळेच मध्ये बोलायचे.

माझ्या फेऱ्याला वर्ष होत आलं तेव्हा दिवाळीनंतर तो एका दुपारी घरी आला, बाजेवर बसला आणि म्हणाला, "डाक्टर, तुना फेरा मी दोन रोजमा करसू. वाट सांग." मी हसलो. मग मी त्याला सगळं सांगितलं. पाणी कुठे आहे, कुठला नाला सायकल उचलून पार करावा लागतो, मोलगीत कोणाच्या ओसरीवर झोपायला मिळेल. इतक्या मनापासून सांगितलं की तो म्हणाला, "तू शे म्हणीसन मी जाई ऱ्हायनू." शेवटी त्याने विचारलं, "चांदसैलीले ब्रेक धरतीन का?"

इथे माझी गोष्ट सुरू होते. चांदसैलीच्या माथ्यावर, तिथपर्यंत सोबत आलेल्या रुमाल्याने माझे ब्रेक बघितले होते आणि तो पोट धरून हसला होता. त्याने धावड्याची एक भरघोस फांदी पानांसकट तोडली, पळसाच्या मुळांच्या दोराने सीटखालच्या नळीला बांधली आणि मागे सोडून दिली. गाडी उतरवताना आम्ही ओंडका बांधतो तसं, म्हणाला. फांदी धूळ उडवत मागून फरफटत आली आणि मी बैलगाडीत बसल्यासारखा घाट उतरलो. तो उतार ब्रेकवर उतरता येत नाही. वळणं जवळजवळ आणि खाली सुटे दगड. रबर अर्ध्या वाटेतच जळतं. मला हे माहीत होतं.

मी म्हणालो, "नवा रबर टाक. धरतीन."

तो पडावा असं मला वाटत होतं का? इतक्या वर्षांत स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. पडावा असं नव्हतं. त्याने माथ्यावरून घाट बघावा, घाबरावं आणि सायकल हातात धरून चालत यावं, दोनाचे चार दिवस व्हावेत, एवढंच हवं होतं. पण रतन घाबरणारा नव्हता, आणि हे मला शाळेपासून ठाऊक होतं...

तिसऱ्या वळणावर रबर जळाल्याचा वास आला, असं तो नंतर सांगायचा. चौथं वळण त्याला घेता आलं नाही. गुडघा दगडावर आपटला. मोळी घेऊन चाललेल्या एका बाईने भावाला हाक मारली. दोघांनी पाला ठेचून गुडघ्याला बांधला. भावाने एक फांदी तोडली, दोराने सीटखाली बांधली आणि याला सायकलीवर बसवून सोडून दिलं. उतार फांदीवर आला, पायथ्यापासून तळोद्यापर्यंतची सपाटी एका पायाने पायडल मारत. दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत तो गावात होता. गावाने गूळ वाटला. माझ्या फेऱ्याला कोणी वाटला नव्हता. ते मला आठवलं, आणि मी गूळ खाल्ला.

आठवड्याने दुकानात गेलो तेव्हा तो पाय स्टुलावर लांब करून बसला होता, भोवती पाच-सात जण. फांदीची गोष्ट रंगात आलेली. पानवाल्या सुकदेवने तोंडातलं पान एका गालात सारत माझ्याकडे बघितलं. "काय हो डाक्टर, तुम्ही ते त्याच घाटवरथीन उतरनात. फांदीनी गोट याले कशी नही सांगी? का पावराना खांदावर बशी उनात?" सगळे हसले. मी तोंड उघडायच्या आत रतन बोलला. समोर उलट्या ठेवलेल्या सायकलीचं चाक त्याने फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "डाक्टरले ठाऊक नही व्हई. ठाऊक ऱ्हातं ते त्यानी मले सांगेल ऱ्हातं." मग मान कलती केली, डोळे मिटले.

तेव्हा सांगता आलं असतं. चाक फिरायचं थांबेपर्यंत वेळ होता. मी म्हणालो, "नही. नहीच ठाऊक."

त्याचा गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. गावातला सायकलवाला, आणि सायकलीवर बसणं संपलं. लोक त्याला त्याच्या लंगडण्यावरून लांबून ओळखायचे आणि नव्या माणसाला फेऱ्याची गोष्ट सांगायचे. त्यात मी नसायचोच. मी त्या लंगडण्याचाही हेवा केला, यापेक्षा खाली माणसाने किती जावं? दर दिवाळीला तो माझी सायकल मागून घ्यायचा. माझ्या सायकलीला दुकानात दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. युद्धाच्या दिवसांत टायर दिसेनासे झाले तेव्हाही त्याने एक जोडी पोत्यात गुंडाळून माझ्यासाठी ठेवली होती. मला त्याचा रागच यायचा. याला कळत कसं नाही, म्हणून. आणि दर हिवाळ्यात मी चांदसैलीच्या माथ्यावर इकडेतिकडे बघून फांदी बांधायचो आणि सपाटी दिसायच्या आधी सोडून टाकायचो, गावातल्या कोणाला दिसू नये म्हणून.

बातमी कळली त्या दिवशीही फांदी बांधूनच उतरलो. दोराची गाठ तीनदा चुकली. पोचलो तेव्हा स्मशानात राख निवत होती.

तेरावा झाल्यावर रतनच्या बायकोला, भाभींना, भेटायला गेलो. त्या दाराआडून बोलल्या, इकडचं तिकडचं, मुलांचं. उठलो तेव्हा म्हणाल्या, "डाक्टरभाऊ, आते तुमनी सायकलले रंग कोन देई?" मला समजलं नाही. त्या म्हणाल्या, "दर दिवाळीले सीटखाले शेठ सोता रंग देत. मी एक डाव इचारं, इतलीशी जागा, तिले दरसाल काय रंग देतस? शेठ म्हनेत, आठे नळीवर दोरना वळ शे. कोनले दिसी गया ते डाक्टरले मान खाले घालनी पडी."

बाहेर येऊन मी सायकलीपाशी वाकलो. सीटखालच्या नळीवर दोर मागेपुढे घासून रंग उडाला होता. कडेने नखाने खरवडलं तर काळ्याखाली काळा, त्याखाली पुन्हा काळा, असे थर निघत गेले. घाटात त्या बाईच्या भावाने दोर बांधला तेव्हाच रतनला माझ्या नळीवरचा वळ आठवला असणार. नुकतीच त्या दिवाळीला त्याने माझी सायकल हाताळली होती. म्हणजे सुकदेवपुढे तो बोलला तेव्हा त्याला ठाऊक होतं. माझं "नहीच ठाऊक" त्याने डोळे मिटून ऐकलं होतं.

भाभींनी त्याची रंगाची डबी आणि बारीक कुंचला मला दिला. डबी अर्धी भरलेली आहे. माझ्या खिडकीत ठेवली आहे. यंदाची दिवाळी होऊन गेली, मी तिचं झाकण उघडलं नाही. नळीवरचा वळ तसाच उघडा ठेवून बाजारातून रोज जातो. सुकदेवच्या टपरीला सायकल टेकवून पान खातो. कोणी विचारलं तर सांगायचं, असं ठरवलं आहे. अजून कोणी विचारलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं. माझ्या सायकलीकडे एवढं वाकून बघणारा गावात एकच होता.