अर्धी बाटली

आठवीला मी हदगावच्या हायस्कूलला जायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात पाणी न पिता दिवस काढायला शिकले. नववीतल्या एका मुलीनं एसटीत शेजारी बसवून शिकवलं. "सकाळी चहा बी घेऊ नको. दुपारी डब्यासंगं एक घोट, बास." शाळेत मुलींसाठी मुतारी होती, चांगली गुलाबी रंगवलेली, पण बाहेर कुलूप. किल्ली शिपाईमामांकडं, आणि शिपाईमामा कायम मुलांच्या घोळक्यात. आत नळाला पाणी नाही ते वेगळंच. आम्ही साऱ्याजणी शहाण्या, किल्ली मागायलाच जात नव्हतो.

दिवाळीच्या आधी लघवीला आग व्हायला लागली. मग ताप. एकदा प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडले. बाबा म्हणाले, "हिला हायस्कूल झेपून न्हाई राहिलं. सातवी झाली, लई झालं." शाळा सुटेल या धास्तीनं मी कळ सोसायला लागले.

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पीत नाहीस का गं?" बाबा शेजारीच बसलेले. त्यांच्यासमोर मुतारीचं नाव काढायला जीभ रेटेना. "विसरते," मी म्हणाले. "धडे बरे लक्षात राहतात," म्हणून डॉक्टर हसले. बाबाही हसले. मला दोघांचाही राग आला. अजून येतो.

बाबांनी मोठी निळी बाटली आणली. भरलेली परत आली तर शाळा बंद, असं बजावलं. मी ती स्टँडवरच्या लिंबाच्या बुडाशी ओतायचे. संध्याकाळी रिकामी बाटली हलवून बाबा खूश व्हायचे.

मायला मात्र फसवता आलं नाही. एका सकाळी मी पोट धरून चुलीपाशी बसले होते. बाबा बाहेर गेल्याचं बघून तिनं हळूच विचारलं, "तिथं जायाला जागा न्हाई ना?" मी मान हलवली. "रानात गडी असले की माझं बी तसंच हाय," ती म्हणाली.

मला फार हलकं वाटलं. आता ही बाबांना सांगेल, कोणीतरी शाळेत जाऊन बोलेल. माय उठली. माठातून तांब्यानं पाणी घेऊन तिनं बाटली अर्धीच भरली, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या दप्तरात ठेवली.

"ओतायचंच हाय," ती म्हणाली, "तर उगं ओझं कशाला."