वाक्यातली बाई

इस्पितळाच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत तिला सगळ्या रोलरबाई म्हणायच्या. ओली चादर गरम रोलरमध्ये सरकवायची, पलीकडून कडक होऊन आली की घडीवालीच्या हातात द्यायची, हे काम तिनं एकोणीस वर्षं उभ्यानं केलं. एवढ्या काळात रोलर दोनदा बदलले. गुडघे बदलून द्यायचं कुणाला सुचलं नाही.

म्हणून वरच्या मजल्यावर चादरींची कोठी सांभाळायची जागा रिकामी झाली, तेव्हा ती हात धुऊन तिच्या मागे लागली. त्या कोठीत खुर्ची होती. मान नको, पंखा नको, दिवसभर नुसतं बूड टेकायला मिळालं तरी जन्माचं सार्थक होणार होतं. पण नव्या मॅनेजरबाईंनी अट घातली. कोठीत इंग्रजी लागतं, तेव्हा छापील यादीतले तीनशे इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ हवेत आणि प्रत्येकाचं एक वाक्य सांगता यायला हवं. तीन महिन्यांनी तोंडी परीक्षा. यादी त्यांनी कुठून उचलली होती देव जाणे, तीनशे शब्दांत चादरीच्या उपयोगाचा एक नव्हता.

रोलरबाई सातवी पास. पण तिची मुलगी एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची.

"मला अर्थ आणि वाक्यं लिहून दे," आई म्हणाली.

"या वयात? तुझ्या डोक्यात शिरणार आहे का ते?"

"नाही शिरलं तर कोंबेन. तू लिही."

मुलीनं वही घातली. रोज पाच शब्द. डाव्या पानावर शब्द आणि अर्थ, उजव्या पानावर वाक्य, त्याखाली पेन्सिलीनं वाक्याचा मराठी अर्थ. आणि प्रत्येक वाक्यात एक बाई होती. ग्रीडी म्हणजे हावरट: ती बाई इतकी हावरट आहे, की कुणी आग्रह करायच्या आत दुसऱ्यांदा वाढून घेते. लाउड म्हणजे मोठा आवाज: ती बाई फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलते, की हिनं फोन घेतलाय कशाला, असा शेजाऱ्यांना प्रश्न पडतो.

"कोण गं ही?" आईनं हसत विचारलं.

"असते कुणीतरी. वाक्यात माणूस लागतं," मुलगी वर न बघता म्हणाली.

रोलरबाईला ती बाई भारी आवडली. जेवणाच्या सुट्टीत ती वही उघडून आधी इंग्रजी वाक्य धाडधाड म्हणायची, मग त्याचा अर्थ रंगवून सांगायची. लॉन्ड्रीतल्या सहा बाया डबे बाजूला सारून ऐकायच्या. "काय गं, आज तुझी बाई काय करते?" असं सकाळपासून सुरू व्हायचं. व्हेन, म्हणजे रूपाचा तोरा असलेली, या शब्दाला ती बाई केस रंगवता रंगवता कानामागची कातडीही काळी करून घेते, असं वाक्य आलं. त्या दिवशी बायांची हसून मुरकुंडी वळली. घडीवाली तर मळक्या चादरींच्या ढिगावर लोळली. सगळ्यांत मोठ्यानं हसली रोलरबाई. स्वतःच्या कानामागे कुणाला दिसतं?

एकशे साठावा शब्द प्रिटेंड. प्रिटेंड म्हणजे सोंग करणे. ती नेहमीसारखी उभी राहून सांगू लागली, "ती बाई होणाऱ्या व्याह्यांच्या घरी जाते आणि इंग्रजी पेपर उघडून वाचायचं सोंग करते. पण पान असतं मेलेल्या माणसांच्या जाहिरातींचं, आणि ही त्याच्याकडे बघून माना डोलावत हसते..."

तिथे ती अडखळली. गेल्या महिन्यात मुलीचं लग्न ठरवायला ती गेली होती, तेव्हा हातात पेपर होता. पानभर लहान लहान फोटो होते, तिला वाटलं कुणाकुणाला बक्षिसं मिळाली असतील. शेजारी फक्त मुलगी बसली होती.

बाया हसत होत्या. "काय येडी बाई आहे!" एक म्हणाली. घडीवाली मात्र हसताना रोलरबाईच्या कानाकडे बघत होती, आणि नजरानजर होताच तिनं मान फिरवली. म्हणजे यांना कधीपासूनच माहीत होतं. आपण उभं राहून, हातवारे करून, महिनाभर आपलीच फजिती यांना वाढत होतो. रोलरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिनं हसणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तिला कळलंय, हे त्यांना कळलं असतं.

तिला बिचारी म्हणायची मात्र घाई नको. मुलगी लहान असताना शाळा सुटल्यावर याच लॉन्ड्रीत गाठोड्यावर बसून आईची वाट बघायची, आणि तिच्यादेखत आई याच बायांना सांगायची, आमचं ठोंबं अजून अंथरूण ओलं करतं, आमचं ठोंबं गणितात पुन्हा नापास झालं. तेव्हाही बाया अशाच हसायच्या. पोरगी खाली मान घालून चादरीचा दोरा ओढत बसायची. आईला ते आठवलं की नाही, कोण जाणे. आठवलं असेल तरी तिनं ते स्वतःला सांगितलं नसणार.

उरलेले एकशे चाळीस शब्द तिनं तसेच घोकले. घरी मुलीला ती एका शब्दानं बोलली नाही. लॉन्ड्रीत बाया रोज विचारायच्या, आज तुझी बाई काय करते, आणि ती रोज सांगायची, हातवाऱ्यांसकट. गुडघे पार कामातून गेले होते. खुर्ची हवी होती.

परीक्षेत मॅनेजरबाईंनी वीस शब्द विचारले. शेवटचा होता बर्डन.

"ओझं," रोलरबाई म्हणाली, आणि तिनं वहीतलं वाक्य खणखणीत इंग्रजीत म्हणून दाखवलं. ती बाई घरातल्यांना ओझं झाली आहे, हे तिला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

मॅनेजरबाई खो खो हसल्या. "वा, किती जिवंत वाक्य! बाकीच्यांनी सगळी पुस्तकातली पोपटपंची केली." त्यांनी वीसपैकी वीस दिले.

मुलगी क्लासहून घरी आली तेव्हा आई चहा घेत बसली होती.

"झाली का गं परीक्षा? शेवटी काय आलं?"

"बर्डन."

चप्पल काढता काढता मुलगी थांबली. "मग? काय सांगितलंस?"

"तू लिहिलं होतंस तेच. बाईंना फार आवडलं. सोमवारपासून खुर्ची."

"आई, अगं, ते नुसतं वाक्य होतं..."

"हो ना. झकास होतं." आईनं पिशवीतून नवी छापील यादी काढून मुलीपुढे ठेवली, तिच्यावर कोरी वही ठेवली. "कोठीत टिकायचं तर वर्षभरात आणखी तीनशे करायचे आहेत. बस लिहायला."

मुलीनं वही हळूच बाजूला सारली. "या वेळी दुसरं कुणीतरी घालते वाक्यात," ती कशीबशी म्हणाली. "दुसरीच कुणी बाई."

"छे, तीच ठेव," आई म्हणाली. "खाली सगळ्यांना आवडते ती."