आधी बटण, मग मुलं

“बटण सोडा, मॅडम.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणी दुसऱ्याचं न ऐकता बोलत सुटलं की तेच माझ्या ओठांवर येतं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये त्यांचं वॉकी-टॉकीचं दुकान होतं. सिंधी गृहस्थ, सत्तरीच्या आसपासचे, अंगात पांढरा सदरा आणि खिशात पेनाच्या जागी छोटा स्क्रूड्रायव्हर. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायला लागले.

मी शिक्षिका. राहते बदलापूरला हेंद्रेपाड्यात, शाळा मात्र बारवी धरणाच्या बाजूला, डोंगरातल्या एका पाड्यावर. तिथे मोबाईलला रेंज नाही. शाळा आणि मुलांची घरं यांच्यामध्ये ओढा आहे. शाळेवर लख्ख ऊन असतं आणि वर डोंगरात पडलेलं पाणी ओढ्यात उतरलेलं असतं, आम्हाला पत्ताच नाही. आदल्या वर्षी दुसरीतली एक मुलगी अशीच पाण्यात शिरली. पलीकडच्या काठावर कमलताईंचं घर आहे. त्या ओट्यावरून जीव तोडून ओरडत होत्या, पण पाण्याच्या आवाजात ऐकू कोणाला जाणार! पोर करंजाच्या मुळीला अडकली म्हणून वाचली. शाळा सोडायच्या आधी कमलताईंना विचारता आलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि आमचे जाधव सर काकांच्या दुकानात गेलो. जाधव सरांनी आल्या आल्या सगळ्यात लांब अँटेनाच्या सेटवर बोट ठेवलं.

“हा लायसनवाला,” काका म्हणाले. “सिक्युरिटीवाले नेतात, त्यांच्याकडे कागद हाय. तुम्हाला नाय देणार.”

मग त्यांनी साबणाच्या वडीएवढे दोन सेट काढले. ताकद कमी, अँटेना बोटभर आणि अंगालाच पक्की बसवलेली. याला लायसन्स लागत नाही.

“याला मोठी अँटेना लावून घेऊ की,” जाधव सर म्हणाले.

“फिरवून बघा, निघते का. नाय निघत. काढून दुसरी लावली की परत लायसनची गोष्ट आली. वर आवाज बसला तर मला शिव्या द्याल.”

“पण खोक्यावर पाच किलोमीटर लिहिलंय.”

“ते समंदरवर. तुमच्या मधे काय हाय, ते सांगा ना.”

मी पुठ्ठ्यावर शाळा काढली, ओढा काढला. मधे टेकाड काढलं तेव्हा काकांनी नुसतं “हं” केलं आणि एक सेट माझ्या हातात दिला. “चला, निघा. एक-दो मोजत जा.”

तुम्ही कधी भरदुपारी जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीतून मोठ्याने आकडे मोजत गेला आहात का? मी गेले. शिलाई मशीनवरची माणसं मान वर करून बघत होती. मी मान ताठ ठेवून एकशे बारापर्यंत मोजलं आणि परत आले. काका सेट कानाला चिकटवून बसले होते. त्याचा आवाज इतका वर होता की माझे आकडे म्हणे शेजारच्या दुकानापर्यंत पोचले होते.

“चाळीसला आवाज तुटला. इथून मी दहा वेळा थांबा बोललो. बटण सोडा, मॅडम! दाबून ठेवलं तर माझं कसं ऐकणार?” मग जाधव सरांकडे वळून म्हणाले, “टीचर लोकांना हेच जमत नाय.”

जाधव सर नको तितके हसले. मला राग आला, पण माणूस खरं तेच बोलत होता.

जूनमध्ये, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी काका स्वतः पाड्यावर आले. जीप रस्त्यालाच थांबते, पुढची चढण ते चार ठिकाणी बसून चढले. एक सेट कमलताईंकडे पाठवला आणि शाळेच्या व्हरांड्यातून बोलून बघितलं. नुसती खरखर. जाधव सरांच्या ओठांवर अँटेनाचं नाव आलंच होतं, तेवढ्यात काका म्हणाले, “अँटेना नाय बदलायची. माणसाची जागा बदलायची.”

मग सुरू झाली वरात. पुढे सेट घेतलेले काका, मागे मी, आजूबाजूला मुलं. हापशापाशी थांबले, चिंचेखाली थांबले. प्रत्येक जागी सेट छातीशी धरत आणि आमच्याकडे बघत. सेटकडे नव्हे, मुलांच्या तोंडाकडे. मला आधी वाटलं, मुलांचं कौतुक चाललंय. शेवटी ते चपला काढून झेंड्याच्या कट्ट्यावर चढले. सेटमधून कमलताई म्हणाल्या, “कोन हाय? बोला की.” मुलं आनंदाने ओरडली. त्यांचे चेहरे बघून काका म्हणाले, “इथं.”

कमलताईंचा आवाज त्यांना ऐकूच आला नव्हता. ते माझ्या ध्यानात आलं, आणि ध्यानात आल्याचं त्यांनाही कळलं. माणसांचे आवाज एकमेकांना ऐकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचेच कान गेले होते. मला फार वाईट वाटलं.

त्यांनी शाळेतला उरलेला पांढरा रंग मागितला आणि कट्ट्यावर आपल्या अनवाणी पावलांभोवती रेघ मारून घेतली. उजवा अंगठा वाकडा, तोही तसाच आला. “इथंच उभं राहायचं. आणि बोलून झालं की?”

“बटण सोडायचं!” मुलं ओरडली. हे मात्र त्यांना ऐकू आलं असावं.

श्रावणातली गोष्ट. ऊन पडलं होतं. जाधव सर म्हणाले, “आज कसलं विचारायचं? सोडा मुलांना.” दप्तरं पाठीवर चढली होती. तरी मी कट्ट्यावर चढून त्या पावलांत उभी राहिले.

“कमलताई, मुलं सोडू का?”

बटण सोडलं. सेट कानाशी नेला. मग आवाज आला, “नका सोडू, बाई! वरून पानी आलाय. ओढ्यातली तिसरी पायरी दिसत नाय. आजिबात नका सोडू!”

पलीकडची अकरा मुलं थांबली. उरलेली खिचडी त्यांनीच संपवली. संध्याकाळी पाणी उतरलं आणि आईबाप येऊन त्यांना घेऊन गेले. ओढ्यातून सुटलेली ती पोर, आता तिसरीतली, बापाच्या खांद्यावर बसून गेली. जाधव सरांनी त्या दिवशी फळा दोनदा पुसला.

त्या शनिवारी काकांना सांगायला गेले. दुकानात खोकी बांधून ठेवलेली होती. ऐकू येत नाही म्हणून धंदा बंद करून ते मुलीकडे इंदूरला निघाले होते. मी सगळं सांगितलं. ते हसून मान हलवत राहिले, चुकीच्या जागी. मग मी पुठ्ठा घेऊन त्यावर लिहिलं, “पाणी आलं होतं. अकरा मुलं थांबली.”

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“आवाज साफ आला?”

मी मान डोलावली. त्यांनी पुठ्ठ्याची घडी करून सदऱ्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हरशेजारी ठेवली.

दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. काकांची पुढची काही खबर मला नाही. झेंडावंदनाच्या आधी कट्टा रंगवताना मुलं ती पावलं पुन्हा गिरवतात. यंदा एका हुशार कार्ट्याने वाकडा अंगठा सरळ करून टाकला होता. मी तो पुसायला लावला.

त्यांची पावलं मोठी, माझी त्यांत सहज मावतात. पावसाळ्यात रोज दुपारी मी तिथे उभी राहते, पाणी किती ते विचारते. आधी बटण सोडते, मग मुलं.