डाव्या हाताची करटुली

मी जव्हारच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. शाळा सुटली की घरी येऊन तैलरंगात वस्तुचित्रं काढायची, हा माझा जन्माचा नाद. तांब्या, कांदे, सुपातली नाचणी, मोहाची फुलं. सुट्टीला इझल स्कूटरला बांधून मोखाड्याच्या रस्त्याला लागायचो आणि दरी दिसेल तिथे थांबायचो. बायकोला या सगळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. ती साखरशेतच्या शेतकरी घरातली. चित्रासाठी मांडलेली वांगी सुकेपर्यंत भाजीला मिळत नाहीत, ही तिची कायमची तक्रार.

निवृत्तीनंतर एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला. उचलायला गेलो तर उजवा हात हलेना. मुलीने गाडी करून नाशिकच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पाय हळूहळू चालायला लागले, पण उजव्या हाताची बोटं काही वळेनात. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, रंग-ब्रश सगळं माळ्यावर टाक. तिने टाकलं.

खिडकीत बसून समोरचा डोंगर हिरवा होताना बघायचो. कुठल्या हिरव्यात किती पिवळा लागेल याचा हिशेब डोक्यात आपोआप सुरू व्हायचा. मग मलाच राग यायचा आणि मी खुर्ची भिंतीकडे फिरवायचो.

श्रावणात एकदा ती बाजारातून करटुली, ती काटेरी हिरवी रानभाजी, घेऊन आली. स्वयंपाकघरात न नेता तिने ती माझ्या जुन्या टेबलावर ओतली, मागे पितळी तांब्या ठेवला, खाली धुतलेलं पंच्याचं कापड घातलं. खिडकीचा उजेड तांब्याच्या पोटावर बरोबर पडला होता. हे कुठे शिकलीस, असं विचारलं, तर म्हणाली, इतकी वर्षं दुसरं काय बघत होते? मग स्टुलावर चढून तिने माळ्यावरचा रंगांचा डबा आणि एक लहान कॅनव्हास खाली काढला.

"हात चालत नाही माझा," मी म्हणालो.

"जेवता कुठल्या हातानं?"

"डाव्या."

"आधी निम्मा भात सांडायचा. आता सांडतो का?"

ट्यूबचं टोपणसुद्धा मला उघडेना. रंग तिने पिळले, पिवळा जरा जास्तच. पूर्वी मी करटुलीचा काटा न् काटा रंगवायचो. डावा हात तसं काही ऐकेना. ब्रश टेकवायचा, दाबायचा, उचलायचा, एवढंच जमलं. संध्याकाळी लांबून बघितलं, तर चित्रातल्या कापडावर काहीतरी गोल, खरखरीत आणि जिवंत बसलं होतं. मी बराच वेळ बघत राहिलो.

दमट हवेत तैलरंग लवकर वाळत नाहीत. काही दिवसांत करटुली पिवळी पडून एकदोन उकलली, आत लाल बी दिसायला लागलं. या वेळी भाजी वाया गेल्याची तक्रार नव्हती. तिने फक्त लाल ट्यूब पुढे सरकवली. ओल्या हिरव्यात मी लाल टेकवला. थोडा चिखल झाला, पण तो तिथे शोभला.

ते चित्र तिने मागून घेतलं आणि स्वयंपाकघरात लावलं. माझ्या कुठल्याच चित्रासाठी तिने पूर्वी खिळा ठोकला नव्हता. आता मुलीला नाशिकहून मोठा कॅनव्हास आणायला सांगितलाय. पाऊस उघडला की मुलगी गाडी काढणार आहे. मोखाड्याच्या वाटेवरची एक दरी, तिथला दुपारचा निळा, मला डाव्या हातानं कसा जमतो ते बघायचंय.