भिंतीला गूळ

यंदा श्रावणात धुळ्याला सलग नऊ दिवस ऊन पडलं नाही, आणि आमच्या मागच्या बेडरूमच्या भिंतीवर बुरशी उगवली. जमिनीपासून बरोबर साडेतीन फुटांपर्यंत. टेपने मोजली मी.

सौ.ला दमा आहे. फिनेल, ब्लीच, अ‍ॅसिड यांचा नुसता वास आला तरी तिची छाती भरते, म्हणून या वस्तू घरात सहा वर्षांपासून बंद. आता त्या बुरशीनेही तेच सुरू झालं. तिचं अंथरूण हॉलमध्ये आलं, पंप दिवसातून तीनदा लागू लागला... डॉक्टर म्हणाले, एक तर भिंत साफ करा, नाही तर घर बदला.

मी मोटार रिवाइंडिंगवाला. शिक्षण दहावी, तेही अर्धवट, पण जे शिकलो ते स्वतः वाचून, उघडून, बिघडवून शिकलो. घरच्या सफाईचं बायो-एन्झाइमही मीच करतो. गूळ एक भाग, लिंबाच्या साली तीन, पाणी दहा... आमची फरशी बघायला गल्लीतले लोक येतात, हे नम्रपणे सांगतो.

तेव्हा भिंतही त्यानेच पुसायची ठरवली. मिश्रण तीन महिने मुरावं लागतं, माझं एक्केचाळीस दिवसांचं होतं. पण घाई होती... रोज सकाळी कापड बुडवून भिंत पुसायचो.

पाचव्या दिवशी बुरशी दुप्पट. जवळ जाऊन भिंग लावलं आणि बघतच राहिलो. देठ, त्यावर बारीक काळे गोंडे, एक अख्खं जंगल... आणि ते माझ्या हाताच्या फटकाऱ्यांच्या कमानींतच उगवलेलं. जिथे कापड फिरलं नव्हतं, तिथे विरळ.

आमच्याकडे कमलअक्का भांड्यांना येतात. वय साठीच्या पुढे, गाव धुळ्याजवळच. त्यांनी माझ्या बादलीत बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, भिंतले गूळ खावाडी राहिनात का तुम्ही?"

सौ. हॉलमधून हसली. हसता हसता खोकली. मुरायच्या आधीचं मिश्रण म्हणजे शिल्लक गूळ, हे मला कळायला हवं होतं. बुरशीला मी रोज नाश्ता देत होतो.

अक्का तरुणपणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी गावातली घरं चुन्याने रंगवायच्या. त्यांनी नखाने भिंत खरडली, प्लास्टिक पेंटची साल निघाली. "हाई काढा पहिले. भिंतले बी श्वास लागस."

ऊन पडल्यावर दोन दिवस मी ती साल खरडली, तोंडाला मास्क लावून. तेवढे दिवस सौ. बहिणीकडे. मग चुन्याची कळी आणली, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे पांढरे खडे. अक्कांनी अंगणात लोखंडी पिंपात पाणी ओतून त्यात एकेक खडा सोडला.

"दूर सरका, भाऊ. डोयामा उडी जाई."

आणि पाणी उकळायला लागलं. खाली जाळ नाही, वायर नाही, कॉइल नाही... मी तीस वर्षं वायर गुंडाळतोय, उष्णता म्हणजे मला तापलेली कॉइल. इथे एक थंड दगड थंड पाण्यात पडला आणि वाफा निघाल्या. वाचलेलं होतं सगळं. समोर होताना मात्र तोंड उघडंच राहिलं.

चार दिवस चुना मुरवला. मी मापाचा मग हातात घेऊन उभा, तर अक्का पळीवरून चुना कसा ओघळतो ते बघून पाणी घालत होत्या. दुधाहून पातळ, तीन हात. पहिला हात तर ओला असताना दिसतसुद्धा नव्हता. मी म्हणालो, "अक्का, काहीच लागलं नाही." त्या म्हणाल्या, "वाळू द्या, मंग बोला."

वाळत गेला तसा पांढरा होत गेला... हवेतला वायू शोषून तो चुना पुन्हा दगड होत होता. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या घराच्या भिंतीवर.

आता पंधरा दिवस झाले, पाऊसही परत येऊन गेला. बुरशीचा एक ठिपका नाही. अक्कांना मी भिंग दाखवलं, त्यांनी लांबूनच नको म्हणून हात हलवला.

आज दुपारी सौ. त्या खोलीत झोपली. मी दाराशी स्टूल टाकून तिचे श्वास मोजत बसलो, मिनिटाला किती ते... चौदा, पंधरा, चौदा. मग कधीतरी मोजायचं राहूनच गेलं, आणि मी नुसता ऐकत बसलो.