क्रॉयडनमार्गे मतदान

माझ्या मैत्रिणीच्या देशात लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा आम्ही दोघी साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये जॅकेट पोटॅटो खात होतो. ती वॉर्डात नर्स, मी फार्मसीत. फोन वाजला तशी तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "तिकडे टीव्हीवर जनरल बोलतोय." मी म्हटलं, "अगं बाई!" आणि माझ्या ताटातलं चीज तिच्या बटाट्यावर घातलं.

देश ताळ्यावर आला की निवडणूक घेऊ, सत्ता नागरिकांच्या हाती देऊ आणि बराकीत परत जाऊ, असं जनरलसाहेबांनी जाहीर केलं. ताळ्यावर यायला देशाला चार वर्षं लागली. मग तारीख ठरली, साहेबांनी गणवेश उतरवला, झकास सूट शिवला आणि स्वतःच उभे राहिले. आता तेही नागरिकच झाले होते, कोण काय बोलणार!

मैत्रिणीचा धाकटा भाऊ तिकडे शाळामास्तर. वर्गात जनरलविषयी काहीतरी बोलला म्हणून सहा महिने तुरुंगात होता. सुटून आला तर मतदारयादीतून नाव गायब. त्याने बहिणीला सांगितलं, "तू लंडनच्या वकिलातीत जाऊन मत टाक, माझ्याही वाटचं. आणि बोटाचा फोटो पाठव." त्यांच्याकडची शाई आपल्यासारखी जांभळी नसते, लाल असते. महिनाभर ही बाई त्या फोटोशिवाय दुसरं बोलत नव्हती. शिफ्ट बदलून घेतली, मतदार कार्ड उशाखाली ठेवलं, आणि नेमकी मतदानाच्या रविवारी रुळांच्या कामासाठी साउथहॅम्प्टनहून लंडनची ट्रेन बंद!

"मी नेते ना गाडीने," मी छाती पुढे काढून म्हटलं. जगातल्या लोकशाहीला आपलाही हातभार, वगैरे. आणि त्याच दमात, "लंडनला जातोच आहोत, तर वाटेत क्रॉयडनला एक पार्सल देऊ या."

क्रॉयडन वाटेत नाही, हे गाडीतल्या सॅटनॅव्हला कळतं, मला कळत नाही. तिथली माझी मावसबहीण मंगळवारी पुण्याला निघाली होती. बाबांसाठी बीपीचं मशीन तिच्याबरोबर पाठवायचं होतं. "दारातूनच देऊ," मी म्हटलं, "पाच मिनिटं." वकिलात सहाला बंद होणार होती. आम्ही साडेअकराला निघालो. म्हणजे वेळच वेळ.

दारातून! उभ्या जन्मात मी कुणाला दारातून काही दिलेलं नाही. मावसबहिणीने दार उघडलं तेच मसालेभाताच्या वासासकट. "जेवल्याशिवाय सोडायची नाही हं!" जेवलो. श्रीखंड झालं. मग कळलं, हिची बॅग तेवीस किलोच्या वर जातेय. ती रिकामी केली, भरली, वजन केलं, पुन्हा रिकामी केली. मी फतकल मारून बीपीचं मशीन साडीत गुंडाळत बसले. मैत्रीण सोफ्याच्या कडेला, पर्स मांडीवर घेऊन. तिने हळूच विचारलं, "निघू या का?" मी म्हटलं, "हो हो, चहा टाकलाच आहे. पाच मिनिटं." तिने दोनदा विचारलं, मी दोन्हीदा हेच सांगितलं.

चहा झाल्यावर खरोखर उठलो, तर मावसबहीण करंडा घेऊन हजर. "पहिल्यांदा घरी आलीये, तशीच कशी पाठवू?" हळदकुंकू, ब्लाउजपीस, नारळ. पदर नाही म्हणून मैत्रिणीने जॅकेटचं टोक पुढे केलं. कुंकू नाकावर सांडलं, ते पुसताना तिचं बोट लाल झालं. "किती गोड आहे गं ही!" मावसबहीण मला मराठीत म्हणाली. चार वाजून गेले होते.

पुढचं काय सांगू? ट्रामपाशी रखडलो, मग पुलावर रखडलो. वकिलातीच्या कोपऱ्यावर तिला उतरवलं आणि मी पार्किंग शोधायला गेले. पोचले तेव्हा गेट बंद होतं. सहा वाजून दहा मिनिटं. ती पायरीवर माझ्याकडे पाठ करून उभी होती, हातात फोन. ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. घरी येईपर्यंत तिने नारळ मांडीवर धरून ठेवला होता.

जनरलसाहेब दणदणीत निवडून आले. नागरी राजवट परत आली, अशी बातमी इथल्या पेपरातही आली, आतल्या पानावर. मी तिला म्हटलं, "तो येणारच होता गं, तुझ्या एका मताने काय झालं असतं?" ती म्हणाली, "हो." माझ्या समाधानासाठी मी बोलले होते आणि तिने मला ते देऊन टाकलं. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

मे महिन्यात ती घरी आली असताना फ्रिजवरचं पोल कार्ड तिला दिसलं. कौन्सिलची निवडणूक. कार्डाच्या मागे मी 'कोथिंबीर, दूध, बिन बॅग' लिहिलं होतं.

"तुला इथे मत आहे?" तिने विचारलं.

"आहे की. कॉमनवेल्थवाल्यांना देतात. आमच्यावर इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलं ना, त्याची भरपाई."

"आमच्यावर फ्रेंचांनी केलं," ती म्हणाली. "म्हणून मला नाही. तू कितीदा दिलंस?"

बारा वर्षांत एकदाही नाही. मी कोथिंबिरीकडे बघत राहिले.

मतदानाच्या गुरुवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात ती, युनिफॉर्मवर, ड्यूटीला जाण्याआधी. मी म्हटलं, "अगं, रात्री दहापर्यंत चालू असतं. ये तर आत, चहा घेऊ."

"पासपोर्ट घे," ती म्हणाली. "चहा नंतर."

गुमान गेले. चर्चच्या हॉलमध्ये पाच नावांपैकी एकाही माणसाला मी ओळखत नव्हते. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली आणि बाहेर येऊन तिला माझं कोरं बोट दाखवलं. "इथे शाईसुद्धा लावत नाहीत बघ."

ती त्या बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी भावाला फोटो पाठवला होता."

"कसला?"

"बोटाचा. त्या दिवशी, गेटसमोर उभं राहून. तुझ्या बहिणीचं कुंकू होतं ना."

मी विचारलं, "मग? तो काय म्हणाला?"

"त्याने आईला दाखवला. शेजाऱ्यांना दाखवला. म्हणाला, आपल्या घरातलं एक मत तरी पडलं." तिने घड्याळ बघितलं. "अजूनही म्हणतो."

'चल, चहा घेऊ, पाच मिनिटं,' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि तिथेच फुटपाथवर उभी राहून रडले.